शिंपल्यांना सवय होते

१

मामाच्या घरी सोफा नाहीये. सोफ्याच्या जागी समुद्र आहे.

फेकत नाहीये. पुढच्या खोलीत शिरलं की पाहुणा बसायला जागा शोधतो, मामा त्याच्यापुढे प्लॅस्टिकचं स्टूल सरकवतो, आणि तो बिचारा तासभर शिंपल्यांचं कौतुक ऐकत बसतो. लांब भिंतीला चिकटून टाकी आहे. जेवणाच्या टेबलाएवढी पसरलेली, कमरेएवढ्या लोखंडी स्टँडवर ठेवलेली, उथळ आणि वरून उघडी. मासे काचेतून बघायचे, पण हे शिंपले वरून बघायचे असतात, असं मामाचं म्हणणं. छतातून साखळ्यांना लोंबणारा मोठा निळसर दिवा आणि त्याखाली शिंपलेच शिंपले. सिनेमा सुटल्यावर दारात माणसं खेटतात तसे एकाला एक खेटलेले.

नाव राक्षसी शिंपले, पण बरेचसे माझ्या मुठीएवढेच. काही ताटाएवढे, आणि मधला एक म्हातारा बेसिनएवढा. बाहेरून नुसते दगड. पण उघडले की आतून जाड ओठ पसरतात, निळे, जांभळे, हिरवे, त्यावर वाघासारखे पट्टे. मामी म्हणते, तिच्या अख्ख्या कपाटात असा एक रंग नाही. मामा म्हणतो, कपाट उन्हात ठेव, येईल.

मामा फ्रिज-एसी दुरुस्त करतो. टाकीचं पाणी गार ठेवायचं यंत्रही त्याने एका मेलेल्या फ्रिजमधून बनवलंय, ते दिवसभर खाकरत असतं. मामी दवाखान्यात एक्स-रे काढते. त्यांची पोरगी चिंगी, चार वर्षांची, जागी असते तोवर बोलते आणि झोपेतही थोडं बोलते. आणि मी. शाळेचं आणि माझं नववीत फाटलं, म्हणून आईने मला इथे सुधारायला पाठवलंय. कशावरून फाटलं ते सांगत बसत नाही, हेडसरांच्या खुर्चीला अजून वास येत असेल.

तर सुधारायला आलो आणि इथे मला जगातली सगळ्यात भारी गंमत सापडली.

या शिंपल्यांच्या ओठांच्या कडेला बारीक डोळे असतात, शेकड्याने. वरून सावली पडली की त्यांना वाटतं, आलं कोणीतरी खायला. पिच्क! पाण्याची चूळ मारून मिटतात. जेवढ्यांवर सावली तेवढेच मिटतात. म्हणजे दिव्याखाली हात धरून कुत्रा केला, की रंगीत ओठांच्या मधोमध राखाडी कुत्रा उमटतो. काढ हात, पुसला कुत्रा. मी ससा केला, बंदूक केली, मामाचं नाकसुद्धा केलं. चिंगी स्टुलावर उभी राहून हसून हसून पडायची.

नाक करताना मामा मागे उभा होता. कानाखाली असा जाळ काढला की पुढचा ससा मला तीन कानांचा दिसला.

"मिटले की त्यांना उजेड मिळत नाही, कार्ट्या! उजेड हेच त्यांचं खाणं. उपाशी मारतोस?"

"मग तू रोज हात घालतोस तेव्हा?"

"माझ्या हाताला मिटतात का बघ," म्हणत त्याने बाही वर करून हात पाण्यात घातला. सावली पडली, पण एकही मिटला नाही. "रोज तोच हात, त्यांना सवय झालीये. सवय झाली की मिटत नाहीत. अक्कल आहे त्यांना. तुला कधी येणार?"

२

दुपारची वेळ. मामी कामावर, मामा बाथरूममध्ये बादल्या घासत होता, चिंगी झोपलेली. मी जमिनीवर पडून मोबाइलवर गेम खेळत होतो.

पिच्क. पिच्क-पिच्क.

मी मान वर केली. खोलीत कोणी नव्हतं. उठून टाकीपाशी गेलो, तर भिंतीच्या बाजूने शिंपल्यांचा एक मोठा पट्टा मिटलेला. कडा धुरकट, पुढे रुंद, मागे निमुळता. वर बघितलं. दिवा स्वच्छ. पंखा बंद. पाल नाही, जळमट नाही, काही नाही.

पट्टा हळूच सरकला. एका बाजूचे उघडत गेले, दुसऱ्या बाजूचे मिटत गेले. तेवढ्यात मामा बादली घेऊन आला.

"मामा, मी काही केलं नाही."

हे वाक्य माझ्या तोंडी कसं वाटतं ते मला माहीत आहे. मामाने बादली खाली ठेवली, हात पुसले आणि मग मारलं. हात पुसून मारणारा माणूस फार लागतो.

मला वाटलं, मामाच माझी फिरकी घेतोय. दिव्यावर काहीतरी चिकटवलं असणार. तो दुकानात गेल्यावर मी स्टुलावर चढून दिव्याची इंच न इंच काच चाचपली, बोटं भाजली, पण काही मिळालं नाही. साखळ्या हलवल्या, अख्खी टाकी पिच्कपिच्क करायला लागली. भिंत ठोकून बघितली. भद्द आवाज, भरीव. भिंतीपलीकडे काय असणार? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पलीकडे हवा.

३

ते रोज यायला लागलं.

सावलीच्या बाबतीत मी डॉक्टर आहे, म्हणून मला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळली आणि कळली नसती तर बरं झालं असतं. हात दिव्याजवळ धरला की सावली मोठी पडते, कडा धुरकट. हात पाण्याकडे खाली आणला की ती लहान होते, कडा चाकूने कापल्यासारख्या. पहिल्या दिवशी तो पट्टा अर्धी टाकी खात होता. मग रोज थोडा लहान आणि थोडा धारदार होत गेला. एक दिवस त्याला बोटं फुटली.

म्हणजे जे काही होतं ते खाली येत होतं.

मामाला सांगून उपयोग नव्हता, त्याची गाडी माझ्या गालावर येऊनच थांबायची. मामीला सांगितलं. तिला सुट्टी होती, ती केस विंचरत होती. "चल, दाखव तुझं भूत," म्हणाली आणि कंगवा तसाच केसात ठेवून आली.

ते होतं. भिंतीतून आल्यासारखं मनगट, पुढे तळवा, बोटं. शिंपल्यांवर उमटलेला राखाडी हात. मामी हसली आधी. मग वाकली. ती दिवसभर लोकांचे हातच बघते, फोटोवर उजवा-डावा असं लिहायचं तिचं काम.

"हा उजवा का डावा?" ती म्हणाली.

"मला काय विचारतेस?"

"अंगठा बघून सांगायचं असतं." तिने बोट टाकीकडे केलं, पण पाण्यावर नेलं नाही. "याला अंगठा दोन्ही बाजूंना आहे रे."

आतल्या खोलीतून चिंगी उठून आली. "आई, कंगवा अडकला, कंगवा अडकला," असं गाणं म्हणत. आणि तो हात वळला. बोटं आमच्यावरून सरकून चिंगीच्या आवाजाकडे झाली. पिच्क, पिच्क, पिच्क, काठापर्यंत. मामीने चिंगीला खस्सकन उचललं. तिच्या दंडावर बोटं उठली एवढं दाबून. पोरीने भोकाड पसरलं.

मामाने आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि मामीला विचारलं, "याने तुलाही पैसे दिले का?"

"पोरीला त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही, बस," मामी म्हणाली.

"माझ्या घरात मीच आता कुलूप लावू?"

दोघांनी एकमेकांवर इतका आवाज चढवला की टाकीच्या पाण्याला कंप सुटला. शेवटी मामाने वैतागून नवा दिवा आणला आणि जुन्याच्या जागी टांगला.

४

आणि ते बंद झालं.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. शिंपले सगळे सताड उघडे, रंग असे की डोळे दिपावेत. मामा छाती फुगवून फिरत होता. "जुन्या दिव्यात दोष होता. भूत म्हणे! तुम्हा दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं पाहिजे." मामीसुद्धा हसली. चिंगीचं स्टूल परत टाकीपाशी गेलं. मीसुद्धा मोकळा श्वास घेतला, खोटं का बोलू.

मग एका सकाळी घरभर सडक्या समुद्राचा वास सुटला.

ताटाएवढा एक शिंपला वाळूवर उलटा पडला होता. हे शिंपले खालून पायाने दगड धरतात, चिवट दोऱ्यांनी. काढायचा झाला तर ब्लेडने हळूहळू त्या दोऱ्या कापतात. ओढायचं कधीच नाही. हा ओढला होता. पायच्या पाय उपटून दगडावर राहिला होता, पांढरा, दोऱ्यांना लोंबत, आणि उपटलेल्या शिंपल्याच्या पोटातून आतडं बाहेर. शेजारचे दोनही तसेच. चौथा अजून जिवंत होता, फाटलेला, उघडमीट करत होता.

मामाने तो हातात घेतला. मग रबरी नळी उचलली.

या वेळी मी गंमत करून सांगू शकत नाही. पाठीवर मारलं, मांड्यांवर मारलं, मी पडलो तर पडल्यावर मारलं. नळीचं लोखंडी तोंड दातांवर बसलं आणि ओठ आतून फाटला. मामी मध्ये पडली तर तिच्या हातावरही एक बसली. तेव्हा तो थांबला, आणि स्वतःच भिंतीला टेकून रडायला लागला. "मुलासारखे वाढवलेत रे मी," म्हणाला. शिंपल्यांबद्दल.

मी जमिनीवर बसून रक्त थुंकत होतो. मामा नाक ओढत टाकीत हात घालून मेलेले बाहेर काढायला लागला. त्याचा अख्खा हात शिंपल्यांच्या वरून फिरत होता, दिव्याखाली, काळीभोर सावली. आणि एकही शिंपला मिटत नव्हता.

मी थुंकायचा थांबलो.

ते गेलं नव्हतं. दिव्यातही काही दोष नव्हता. ते रोज येत होतं, रोज त्याच वेळी, तोच हात. शिंपल्यांना त्याची सवय झाली होती.

"मामा," मी म्हटलं. ओठ सुजल्यामुळे ते "बाबा" असं आलं. "ते आहे. ते इथेच आहे. आता दिसत नाही, एवढंच."

"अजून एक शब्द काढलास," मामा मागे न बघता म्हणाला, "तर तुझ्या आईला बोलावून सांगतो, घेऊन जा ही धोंड."

५

रविवारी मामीला दवाखान्यात जावं लागलं. निघताना ती मला दारात म्हणाली, "चिंगीवर डोळा ठेव. माझा तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही. घरात दुसरं कोणी ऐकत नाही म्हणून." माझ्या सुजलेल्या तोंडावरून एकदा हात फिरवला आणि गेली.

मी मामाला म्हटलं, चिंगीला खाली खेळायला नेतो. तो म्हणाला, तुझ्याबरोबर? मग बसलो.

मेलेल्यांच्या जागी मामाने नवे शिंपले आणले होते. छोटे, नुकतेच डब्यातून काढलेले. त्याने ते भिंतीपासून अलीकडच्या काठापर्यंत तिरपे एका ओळीत मांडले, थेट चिंगीच्या स्टुलापर्यंत. तासाभरात त्यांनी ओठ बाहेर काढले. चिंगी स्टुलावर उभी राहून त्यांना नावं देत होती. "हा टिकल्या. हा गब्दुल. हा दादा, कारण याचं तोंड सुजलंय." मामा टाकीच्या दुसऱ्या टोकाला होता, हात दंडापर्यंत पाण्यात, एका आजारी शिंपल्याच्या दोऱ्या ब्लेडने कापत. गाणं गुणगुणत होता.

पिच्क.

भिंतीजवळचा पहिला नवा मिटला.

मी उभा राहिलो.

पिच्क. दुसरा.

त्यांच्या आजूबाजूचे जुने सगळे मजेत उघडे होते. त्यांच्या ओळखीचंच कोणीतरी आलं होतं. मिटत होते फक्त नवे. तिसरा. चौथा. ओळीने, घाई न करता, चिंगीच्या बडबडीच्या दिशेने.

"हा टिकल्या का झोपला?" चिंगी म्हणाली आणि बघायला पुढे वाकली.

मी उडी मारली. तिचा फ्रॉक मागून धरला आणि जीव खाऊन ओढला. स्टूल उडालं. ती हनुवटीवर स्टँडच्या लोखंडी कडेला आपटली, दात ओठात घुसले, माझ्या हातावर तिचं रक्त आलं. ती अशी किंचाळली की कानात शिट्टी वाजली.

ती उभी होती त्या जागेखालचा शेवटचा नवा शिंपला मिटला.

"मारून टाकतो तुला!" मामा गरजला. "आज तुला मारूनच टाकतो!" आणि त्याने हात बाहेर ओढला.

हात आला नाही.

त्याने परत ओढला. चेहऱ्यावर राग होता तिथे आधी नवल आलं. मी बघितलं, तिरप्या ओळीतले नवे शिंपले स्टुलाच्या बाजूने एकेक उघडायला लागले. जे काही इथे होतं ते इथून निघालं होतं. मग मामाचा खांदा एकदम खाली गेला, गाल पाण्यावर आपटला आणि आतून कोवळी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. ब्लेड वर तरंगून आल्यासारखं दिसलं, पण ते तरंगत नव्हतं, मामाच्याच मुठीत होतं आणि मूठ भलत्या बाजूला वळली होती. पाणी गुलाबी झालं. तरी जुने शिंपले उघडेच.

मामाच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. खोलीत फक्त चिंगी रडत होती.

पिच्क. पिच्क. तिरपी ओळ परत मिटायला लागली. आमच्या दिशेने.

मामाने ते पाहिलं. अर्धं तोंड पाण्यात, एक डोळा ओळीवर, मग चिंगीवर. त्याला कळायला एवढाच वेळ लागला. मला कितीतरी दिवस लागले होते.

"ए!" तो ओरडला. "ए भिकारड्या! इकडे!"

ओळ थांबली.

"तोंड दाब तिचं," तो मला म्हणाला, तशाच ओरडत्या आवाजात, नजर ओळीवरच ठेवून. "आणि जा! पाय वाजवू नको! इकडे ये रे, इकडे! मी आहे इथे! ये, तुझा कॉम्प्रेसर काढून तुझ्याच हातात देतो! गॅस भरतो तुझ्यात, फुटेस्तोवर भरतो!"

नवे शिंपले एकेक उघडले.

मी चिंगीला छातीशी धरलं आणि हाताने तिचं तोंड बंद केलं. रक्ताने हात सरकत होता म्हणून जास्त दाबलं. दाराशी जायचं तर टाकीसमोरूनच जावं लागतं. समोरच्या भिंतीला पाठ लावून, अनवाणी, ओल्या फरशीवरून सरकत राहिलो. मी आयुष्यात एवढा गप्प कधी बसलो नाही. मधेच तोंडासमोरून काहीतरी गार, खारट गेलं आणि माझ्या कपाळावरचे केस हलले. मी श्वास धरून ठेवला. चिंगीचं नाक माझ्या बोटांवर भरभर वाजत होतं, तेवढाही आवाज मला फार वाटला.

"गिऱ्हाइकं सकाळपासून खोळंबलीत माझी!" मामा किंचाळत होता. "काय करायचं ते कर लवकर! सोडतोस कशाला? धर ना, धर!"

दारातून मी एकदाच मागे बघितलं. मामाचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. त्या हातावर मांस खाली दबलेलं होतं, खड्डे पडल्यासारखं, जसं कोणी घट्ट धरल्यावर पडतात. धरणारं कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना अंगठे. आणि ते खड्डे वर सरकत होते, दंडावर, खांद्यावर. गळ्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी खड्डे पडले, तिथे कुठलाच हात पोचायला नको होता. मामा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता, आणि मला अजून तिथेच उभा बघून त्याचे डोळे असे झाले की नळी घेऊन धावला तेव्हाही झाले नव्हते.

मी गेलो.

जिन्यात ऊन होतं. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी रेडिओ चालू होता. एकेक पायरी करून उतरत होतो आणि वरून मामाचा आवाज येत होता. शिव्या संपल्या तर गिऱ्हाइकांची नावं, ती संपली तर नुसतं "ए, ए, ए". तो ओरडत होता तोवर मला कळत होतं, ते वरच आहे.

मधल्या वळणावर पोचलो आणि आवाज थांबला. शब्दाच्या मधेच.

मी होतो तिथेच उभा राहिलो. वर आमचं दार उघडंच होतं. कोणी ते लावलं नाही. कोणी बाहेरही आलं नाही. फक्त कठड्यावर दुपारचं ऊन पडलं होतं, त्यात एक जागा काळवंडली आणि ती जागा खाली यायला लागली.

माझ्या हाताखाली चिंगीचे ओठ हलले. तिलाही आवाज थांबलेला कळला होता. ती त्याला हाक मारायला लागली होती. बा... बा... बोटांमधून गरम, ओला श्वास.

मी आणखी दाबलं. तिने चावलं, हाडापर्यंत. मी आणखी दाबलं.